दाराजवळची खिडकी

"कडी बाहेरून बसव," शंभू म्हणाला.

सिद्धनाथच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. सकाळपासून तो त्या जुन्या कॅम्पर व्हॅनच्या खिडक्यांशी झोंबत होता. खिडक्या सरकत्या होत्या म्हणे, पण सरकत एकही नव्हती. खाचांमध्ये माती, मेलेल्या मुंग्या आणि मखमली पट्टीचा कुजलेला लगदा. त्याने काचा उतरवल्या, खाचा खरवडल्या, नवी पट्टी चिकटवली. आता काच एका बोटाने सरकत होती, आणि ती उगाच पुन्हा पुन्हा सरकवून बघायचा मोह त्याला आवरत नव्हता. एवढ्या कडीचंच काम उरलं होतं.

"बाहेरून कशी, शेठ? कडी आतनं असती. आतल्या माणसासाठी."

"म्हायती हाय. दाराजवळच्या खिडकीला बाहेरूनच बसव. पलीकडच्या खिडकीला जाळी मारलीय, हवेला ती पुरंल."

आतलं माणूस म्हणजे शंभूची आई, लीलाबाई. ती बाकावर पाय दुमडून लसूण सोलत बसली होती. व्हॅनच्या दाराला बाहेरून अडसर होता. सिद्धनाथने तो आल्याआल्याच पाहिला होता आणि कुत्री शिरू नयेत म्हणून असेल, अशी स्वतःची समजूत घातली होती. आता त्याला कळलं. खिडकी उघडली की म्हातारी हात बाहेर काढून अडसर सरकवू शकत होती. काच अडकलेली होती तोवर ते जमत नव्हतं. ती मोकळी करून दिली ती सिद्धनाथनेच.

त्याने समोरच्या शंभूच्या घराकडे पाहिलं. तीन मजले, नवा पिवळा रंग, प्रत्येक गॅलरीत भाडेकरूंचे कपडे वाळत घातलेले. भुकूम गावात आता एकही खोली रिकामी राहत नाही. व्हॅनही पूर्वी धरणाकडे फिरायला येणाऱ्यांना भाड्याने जायची, आता चाकं उतरवून घरामागे विटांवर उभी केलेली. परक्या माणसांना फरशीच्या खोल्या आणि जन्मदात्या आईला पत्र्याची गाडी. सिद्धनाथच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात शंभूची बायको हेमलता चहा घेऊन आली. एका हातात ताटली, कडेवर तान्हं पोर. व्हॅनजवळ येताच तिने पोर दुसऱ्या कडेवर घेतलं, गाडीपासून लांबच्या. दोघांना कप दिले. सासूचा कप व्हॅनच्या पायरीवर ठेवला.

"हेमा," आतून लीलाबाईने हाक मारली.

हेमलताने वळूनसुद्धा पाहिलं नाही. चहा चांगला होता, पण सिद्धनाथला तो कडू लागला. त्याचा स्वतःचा बाप या वेळी मेंढरं घेऊन कोकणात उतरलेला होता. रात्री उघड्यावर घोंगडं पांघरून झोपत असेल. पण त्याला कुणी कोंडलेलं नव्हतं.

"आमी मेंढरं कोंडतो, शेठ," तो म्हणाला. "वाघरीच्या जाळ्यात. लांडगं येत्यात म्हून. आईला कशापायी कोंडायचं? आत काय पेटलंबिटलं तर तिनं काय करायचं?"

शंभू चपलेने माती उकरत राहिला.

"तू काम कर," तो म्हणाला. "इचारू नको."

सिद्धनाथने हत्यारं पिशवीत भरायला सुरुवात केली.

"मग दुसरा बघा कुनीतरी. माज्या हातनं हे व्हनार न्हाई."

शंभूने नुसती मान हलवली. ना चिडला, ना अडवलं. एवढा निगरगट्ट माणूस सिद्धनाथने पाहिला नव्हता. त्याने पिशवी खांद्याला लावली.

"थांब, लेकरा."

लीलाबाई उठून खिडकीशी आली होती. तिने काच सरकवली. सुरकुतलेल्या चेहऱ्यातले डोळे अगदी स्वच्छ होते.

"त्याला बोलू नको. मीच सांगितलंय त्याला. घर सोडून हितं ऱ्हायला मीच आले. आज माजं डोकं ठिकानावर हाय, म्हून आजच बसीव. उद्या मी रडंन, शिव्या दीन, उघडा म्हनंन. कुनी उघडायचं न्हाई."

"पर का, आजी?"

"आई, नको," शंभू म्हणाला.

"सांगू दे. परत ध्यानात ऱ्हातंय का न्हाई, कुनाला ठावं." तिने दोन्ही हात खिडकीच्या चौकटीवर ठेवले. "नवरात्रात मी नदीवर गेले. संगं आमची नात व्हती, शंभूची पिंकी, येवढीशी. मला वाटलं माजीच ल्येक हाय. म्हनलं, पयल्यासारखी पान्यात आंघूळ घालावी."

शंभू व्हॅनला पाठ टेकून मातीत बसला. त्याने गुडघ्यांत तोंड खुपसलं. सिद्धनाथच्या खांद्यावरची पिशवी घसरून खाली आली, ती त्याने सावरली नाही.

"वल्ल्या लुगड्यानं येकलीच घरी आले," लीलाबाई म्हणाली. "हेमा दारातच व्हती. तिनं इचारलं, आई, पिंकी कुटं हाय?"

तिने हळूच काच ओढली. ती आवाज न करता सरकत आली, आणि बोटभर फट राहिली तिथे थांबली. त्या फटीतून ती म्हणाली,

"मी तिला इचारलं, कोन पिंकी?"