हात धुवायला

दर शनिवारी एकाच नातवंडाला घेऊन मिसळ खायला जायचं, हा त्रिवेणीबाईंचा नेम. आज सर्वांत धाकट्या शाल्मलीचा नंबर होता.

शेजारच्या टेबलावर एक बाप पोराच्या मिसळीत दही कालवत होता. बाईंनी नाक मुरडलं.

"मिसळीत दही! त्यापेक्षा घरी बसून दहीभात गिळावा. आमच्यात नाहीत बाई असली लेचीपेची पोरं," त्या बापाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या आणि वाढप्यावर ओरडल्या, "कट आण रे आणखी! हा काय देवळातला प्रसाद आहे?"

शाल्मलीचे कान लालबुंद झाले होते. "आजी, हात धुवून येते," म्हणत ती तिसऱ्यांदा उठली. तिच्या भावंडांनाही इथं आलं की सारखे हात धुवायचे असत. वळण आपलंच, म्हणून बाईंना कोण अभिमान!

पोरगी रुमाल विसरली म्हणून त्या मागोमाग गेल्या. शाल्मली टाचा उंचावून, नळाला तोंड लावून घटाघटा पाणी पीत होती.

"अगं, टेबलावर पाणी आहे की!"

"दादानं सांगितलंय, आजीसमोर प्यायचं नाही. ती आपल्याला पण नाक मुरडेल. आम्ही सगळे इथंच पितो."

बाई शाल्मलीला घेऊन जागेवर येऊन बसल्या. शेजारच्या टेबलाकडे त्यांनी पाहिलं नाही.

"दोन वाट्या दही आण रे," त्या वाढप्याला हळूच म्हणाल्या. मग शाल्मलीकडे वळल्या, "दादाला सांग, म्हातारीला आता तिखट सोसवेना झालंय."