जर्मनाचं पान

"उद्धवा, नाव भेटलं का त्याचं?" छायाबाईंनी चुलीपुढूनच विचारलं.

"नाही माय. अजून पन्नास पानं राह्यली."

उद्धवसमोर ओट्यावर एका जर्मन पायदळ डिव्हिजनचा इतिहास पसरला होता. त्याच्या मुलीने, गार्गीने, पुण्याहून मराठी करून पाठवलेली दोनशे अठरा पानं. तहसील कचेरीत चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळलेला हा गृहस्थ. कुठलाही माणूस नोंदीशिवाय मरतो, हे त्याला मान्यच नव्हतं.

कारण देव्हाऱ्यातल्या डबीत होतं. जस्ताचा लंबगोल बिल्ला. आजोबांनी, अर्जुनरावांनी, दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीच्या लढाईतून जानेफळला आणलेला. त्यावर पलटण, कंपनी आणि एक आकडा. नाव नव्हतं.

परतल्यापासून अर्जुनराव दर अक्षय तृतीयेला एक पान जास्त वाढायला लावत. कोणाचं म्हणून विचारलं की म्हणत, "जर्मनाचं." कोणी पुढे विचारलं, "मारला का त्याले?" तर पानाकडे बघून म्हणत, "मीठ राह्यलं. मीठ वाढा."

त्या दिवशी पितरांचा घास निखाऱ्यावर पडे. जर्मनाचं पान मात्र ते आपल्या शेजारी मांडून घेत. पाट, भोवती रांगोळी, पाण्याचा तांब्या. दाराकडे बघत घटकाभर थांबत आणि मग ते पानही स्वतःच संपवत. परधर्माचा म्हणून निखाऱ्यावर नाही, असा घरच्यांनी हिशेब लावला.

म्हातारे गेल्यावर सुनेने, म्हणजे छायाबाईंनी, ही चूक सुधारली. गेली एकोणचाळीस वर्षं जर्मनाचा घास रीतसर निखाऱ्यावर पडत होता. पण घास टाकताना नाव घ्यावं लागतं. तिथे त्यांची जीभ अडायची.

"बिननावाचा घास पोचत नाही," त्या म्हणत. "कोणाचं तरी लेकरू तिकडं उपाशी बसलं असन. मी त्र्याऐंशीची झाली. या तीजेले नाव पाह्यजे मले."

शेजारचे कय्यूमभाई शिलाईयंत्रावरून चौकशी करत. "काय उद्धवभाऊ, तुमचे जर्मन कुठवर आले?"

"रशियातून निघाले. सतरा हजारांचे सहा राह्यले."

आठवड्याने पुन्हा. "आता?"

"इटलीत. नदी उतरून राह्यले."

"जपून उतरा म्हणा. नाही त जानेफळचा रस्ता धरतीन."

एकशे नव्वदाव्या पानावर उद्धव थबकला. सैनिक पडला की त्याचा बिल्ला मधोमध मोडायचा, अर्धा प्रेतावर ठेवायचा, अर्धा कचेरीत पाठवायचा, असा त्यांचा नियम होता. घरचा बिल्ला अख्खा होता. उद्धवने समासात लिहिलं, "आजोबांनी अख्खाच आणला. नोंद राहून गेली. चूक आपली."

मग चूक आपली म्हटल्यावर तो हटून बसला. सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या बर्लिनच्या एका कचेरीला आजोबांची हकीकत आणि बिल्ल्यावरची पलटण, कंपनी, आकडा लिहून अर्ज केला. उत्तर नाही. स्मरणपत्र एक. स्मरणपत्र दोन. स्मरणपत्र तीनवर त्याने सवयीने 'अत्यंत तातडीचे' असा शेराही मारला.

फाल्गुनात उत्तर आलं. योहान केलर, वय सतरा, एप्रिल १९४५ पासून बेपत्ता. बहिणीच्या कुटुंबाचा पत्ता मिळाला असून आपलं पत्र तिकडे पाठवलं आहे.

छायाबाई महिनाभर नाव घोकत होत्या.

"आमच्यात योहानले यह्या म्हंतात," कय्यूमभाई म्हणाले. "बोलाले सोपं."

"नाही बापा. त्याच्या मायनं जे ठेवलं तेच घेईन."

अक्षय तृतीयेला गार्गी घरी आली. सकाळीच तिच्या मोबाइलवर जर्मनीहून पत्र येऊन पडलं होतं. उद्धवने ते उघडू दिलं नाही. "ज्याचं आहे त्याच्यासमोर वाचू. घरचे चार शब्द ऐकन अन् मग जेवन बिचारा."

घागर भरली. पितरांचे घास पडले. छायाबाईंनी पुरणपोळीचा मोठा तुकडा तुपात बुडवला, निखाऱ्यावर हात धरला आणि नातीकडे पाहिलं.

"वाच माय. पण लवकर वाच, ऐंशी वर्षांचा उपाशी आहे तो."

गार्गीने पत्र मराठी करून घेतलं आणि वाचायला लागली.

"महोदय, तुमचं पत्र भाचीने मला आणून दिलं. पलटणीच्या यादीत मी आजही बेपत्ता आहे. ते मी मुद्दामच दुरुस्त केलं नाही. तुमच्या आजोबांनी मला एका कालव्याच्या काठी पकडलं आणि सोडून दिलं. बिल्ला मी स्वतः काढून त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी काठीने मातीत एक घर काढलं, घरात दोन ताटं काढली, आणि एका ताटावर बोट ठेवून माझ्याकडे दाखवलं. मी येतो म्हणून मान हलवली होती. पुढच्या महिन्यात मला नव्व्याण्णव पूर्ण होतील आणि डॉक्टर आता प्रवास करू देत नाहीत. त्यांनी फार दिवस वाट पाहिली नसावी, अशी आशा आहे."