गोपनीय कामाच्या बाई

"ही यादी तुम्ही याआधी पाहिली होती?" कंपनीच्या वकिलानं विचारलं.

स्टेनोबाईंना कागद हातात घ्यायचीही गरज नव्हती. कचेरीतल्या ज्या नऊ जणांना युनियनच्या गटात धरू नये असं कंपनीचं म्हणणं होतं, त्यांची ती यादी. चौथं नाव बाईंचं. नावापुढे कारण, 'गोपनीय कामाशी संबंध'.

"पाहिली होती."

"कुठे?"

"मीच टाइप केली."

समोरच्या बाकावर युनियनचा सेक्रेटरी बसला होता, त्यानं झटकन मान वर केली.

गटात कोण आणि बाहेर कोण, एवढंच आज कामगार अधिकाऱ्यांपुढे ठरायचं होतं. गटात असेल त्याला मत, त्याच्या पगाराची, रजेची, बढतीची बोलणी युनियन करणार. बाहेर राहील तो साहेबांच्या मर्जीवर. सकाळपासून बाईंचं पारडं जड होतं. "तुमच्याकडे कसली गुपितं असतात?" असं अधिकाऱ्यांनी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "साहेबांना कुठल्या गोळ्या चालत नाहीत, आणि घरून फोन आला की ते कुठल्या मीटिंगमध्ये असतात." अधिकारीसुद्धा हसले होते.

आता कोणी हसत नव्हतं.

"कधी टाइप केलीत?"

"आठ दिवस झाले."

"मग या आठ दिवसांत युनियनमधल्या कुणाच्या कानावर घातलंत?"

बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या दिवशी साहेब स्वतः उठून त्यांच्या टेबलापाशी आले होते. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. "दुसऱ्या कुणाकडे देववत नाही, बाई. तुमच्यावर विश्वास आहे," असं म्हणून कागद ठेवून गेले होते. चौथ्या नावाशी बाईंची बोटं क्षणभर अडखळली, पण कामातलं बाहेर न्यायचं नाही ही जन्माची सवय. त्यांनी यादी पुरी केली होती.

'सांगितलं' म्हणावं, तर उद्या हातात बडतर्फीचा कागद. 'नाही' म्हणावं, तर कंपनीची गुपितं आपण राखतो, हे आपल्याच तोंडानं कबूल.

"कुणाच्याच नाही," त्या म्हणाल्या.

"मला एवढंच दाखवायचं होतं," असं अधिकाऱ्यांना सांगून वकील खाली बसला.

"मुद्दाम दिली मला ती!" बाई ताडकन उभ्या राहिल्या. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. "हॉलमध्ये टाइप करणारे चौदा जण आहेत. मलाच का दिली, ते विचारा ना त्यांना!"

"बाई, विचारलं तेवढंच बोला," अधिकारी म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता, पण मान खाली होती.

निकाल तिथल्या तिथे लागला. नऊपैकी सहा गटात, तीन बाहेर. त्या तिघांत स्टेनोबाई.

जिन्यात सेक्रेटरीनं त्यांना गाठलं. युनियनच्या अर्जावर सह्या गोळा करायला बाई त्याच्यासाठी दोन महिने वणवण फिरल्या होत्या. जिथं त्याला कोणी दारात उभं करत नव्हतं, तिथं बाईंच्या शब्दावर सह्या मिळाल्या होत्या.

"आठ दिवस?" तो म्हणाला. "आमच्यात येऊन बसत होतात, चहा पीत होतात. एका शब्दानं बोलला नाहीत, बाई?"

कालपर्यंत तो त्यांना ताई म्हणायचा.

"बोलले असते तर आज नोकरी गेली असती."

"आमच्या काय सरकारनं आंदण दिल्यात?" असं म्हणत तो दोन-दोन पायऱ्या उतरत निघूनही गेला.

बाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. रडू येईल असं त्यांना वाटलं, पण रडू काही आलं नाही. आली ती नुसती तिडीक. साहेबांची, वकिलाची, सेक्रेटरीची, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या आवळलेल्या तोंडाची.

दुपारी साहेबांनी आत बोलावलं.

"बसा, बाई. मनाला लावून घेऊ नका. त्या भानगडीतून सुटलात, हे बरंच झालं." ते मनापासून बोलल्यासारखं हसले. "एक पत्र घ्या. आणि तेवढं दार लोटा."

बाईंनी दार लोटलं, वही उघडली. साहेबांनी खालच्या आवाजात मजकूर सांगितला. तीनच वाक्यं होती. बाईंची पेन्सिल कुठेही अडली नाही.

"वाचून दाखवा," साहेब नेहमीप्रमाणे म्हणाले.

बाई उठल्या. दारापाशी गेल्या आणि दोन्ही फळ्या भिंतीला टेकेपर्यंत उघडल्या. मग हॉलकडे तोंड करून, मागच्या बाकावरच्या पोरालाही ऐकू जावं अशा शाळामास्तरी आवाजात त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"'आवक-जावक विभागातले अकरा कर्मचारी मतदानाच्या आधी कंत्राटदाराकडे वर्ग करावेत.'"

"बाई!" मागून खुर्ची जोरात सरकली. "काय करताय हे?"

"'म्हणजे ते युनियनच्या गटात मोजले जाणार नाहीत.'"

"दार लावा! आधी दार लावा ते!"

हॉलमधल्या कीबोर्डांची टकटक एकेक करून थांबत गेली. आवक-जावकच्या टेबलाशी तिकिटं चिकटवणारी बाई हातातलं पाकीट तसंच धरून उभी राहिली. तिच्याशेजारचा उठला. मग त्याच्या पलीकडचा.

"एक वाक्य राहिलं, साहेब," मागे वळूनही न पाहता बाई म्हणाल्या, आणि त्यांनी वहीचं पान उलटलं.