रिकामा हूक

लष्कराच्या लिलावातून कुस्तोदियोने जुना क्रेनचा ट्रक आणला. तोंडवलीच्या किनाऱ्यावर वाळूत रुतलेल्या पर्यटकांच्या गाड्या ओढायच्या, असं तो गावभर सांगे. खरं म्हणजे त्याची बायको वेरोनिका गेल्यापासून त्याच्या दारात कोणी येत नव्हतं. रुतलेला माणूस तरी येईल, अशी त्याला आशा.

खटपटीनंतर इंजिन सुरू झालं, पण ट्रक हलेना. ब्रेक मोकळे होते, गिअरही पडत होता.

"पाठी काय बांधलंस रे?" शेजारच्या दाजींनी कुंपणावरून विचारलं.

"काय्येक बांधूक नाय."

"मगे गाडी पाठसून बसली कित्याक?" एवढं बोलून दाजी जेवायला गेले.

कुस्तोदियो मागे गेला. हूक रिकामा होता, पण त्याचा तारेचा दोर ताठ ताणलेला होता.

त्याने दोर हळूहळू सैल सोडला. ट्रक सुस्कारा टाकून वर उठला, आणि मागे अंगणातल्या वाळूत चाकांएवढे दोन खळगे पडले.

मग त्या खळग्यांपाशी, जिथे काहीच दिसत नव्हतं, गाडीचं दार उघडून लावल्याचा आवाज आला.

कुस्तोदियोने हात पुसले, शर्टाचं वरचं बटण लावलं. "येवा," तो म्हणाला.

वाळूत पावलं उमटत आली, त्याच्या शेजारून घरात गेली, आणि आतून कडी लागली.