कडू करांद्यांची कृती

"मॅडम, सहा साइट्सवर एकच लिहिलंय. कडू करांदे एकदा उकडले की खुशाल खावेत," असं म्हणत शेजारच्या शर्वाणीने फोन पुढे केला. तिच्या गॅसवर त्या रानकंदांचा कुकर चढला होता आणि दोन्ही मुलं ताटल्या घेऊन बसली होती.

वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक गुंजीकरबाईंचा संशय बळावला तो या एकमतामुळेच. सहा माणसांचं करांद्यांबद्दल एकमत होऊ शकतं. पण सहाही जणांनी त्यांच्या चवीला "किंचित मातकट, तरी आश्वासक" म्हणावं, हे संभाव्यतेच्या कोणत्याच नियमात बसत नव्हतं. कुणीतरी एकानेच लिहिलं होतं आणि बाकीच्यांनी उतरवून घेतलं होतं.

बाईंनी चष्मा लावून एकेक पान तपासलं. सहाव्याच्या तळाशी, बारीक अक्षरांत, मूळ लेखाचा उल्लेख सापडला: बंद पडलेल्या एका मासिकाचा अंक आणि लेखिकेचं नाव. ते त्यांचंच होतं. जागा अपुरी पडत होती म्हणून, करांद्यांचे काप रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवण्याचं वाक्य तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने गाळलं होतं.

"हे असे खाल्ले तर विषबाधा होईल. मुलांना देऊ नकोस," त्या म्हणाल्या.

शर्वाणी हसली. "अहो मॅडम, सहा जणांपुढे तुमचं एकटीचं कसं ऐकू?"

"ते सहाही जण म्हणजे मीच," बाई म्हणाल्या आणि आयुष्यात प्रथमच त्यांनी दुसऱ्याच्या घरातला गॅस बंद केला.