घशातलं पिल्लू

फिलिपिन्समधल्या एका खेड्यात कोरासोनच्या धाकटीचा बाप्तिस्मा झाला, त्याच वर्षी तिची सासू बास्यांग अंथरुणाला खिळली. म्हातारी गावची सुईण. रात्री-अपरात्री बाळंतपणाला जायची, म्हणून गावानं तिला रक्त पिणारी 'अस्वांग' ठरवलेलं.

"पाणी..." म्हातारी पुटपुटली.

"जवळ जाऊ नकोस गं!" शेजारीण दारातूनच ओरडली. "अस्वांगच्या घशात कोंबडीचं काळं पिल्लू असतं. ते दुसऱ्याच्या तोंडात सोडल्याशिवाय तिचा जीव जात नाही, आणि ज्याच्या तोंडात जातं तो अस्वांग होतो!"

कोरासोनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुझी तिन्ही बाळंतपणं हिनं केली, तेव्हा कुठं होतं पिल्लू?"

तिनं पाण्याचा घोट घेतला, सासूच्या ओठांना ओठ लावून सोडला आणि शेजारणीपुढं आ वासला. "बघ, गिळलं! आता कळा सुटल्या की मलाच बोलवा."

बास्यांग त्याच दुपारी, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी वारली.