हरकत असल्यास

धुरपताबाई गेल्याचं कळलं त्या सकाळी बचत गटाच्या साऱ्या बाया तिच्या नवऱ्याच्या, देवरावच्या अंगणात येऊन बसल्या. त्या दिवशी कोणी पैशाचं नाव काढलं नाही. तेरवी झाल्यावर त्या सगळ्या मिळून देवरावसोबत बँकेत गेल्या. गटाचे पैसे धुरपताबाईच्या खात्यात होते. दर महिन्याला तालुक्याला जायचं म्हणजे प्रत्येकीची मजुरी बुडायची, म्हणून सगळ्यांनी एकीच्याच खात्यात टाकायचे असं त्यांचं आपसात ठरलं होतं. काउंटरवर त्यांच्यातल्या रुपीबाईने सरळ सांगितलं, हे पैसे धुरपताबाईचे नाहीत, आमचे आहेत.

बँकेच्या साहेबाने देवरावचा वारस म्हणून केलेला अर्ज बाजूला ठेवला. यात वाद दिसतो, कोर्टातून वारसाचं प्रमाणपत्र आणा, म्हणाला.

म्हणून आज देवराव आणि बाया राळेगावच्या कोर्टासमोर वकिलाच्या खोलीत आले होते. खोलीत दोनच खुर्च्या. एकीवर देवराव बसला. बाया भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

वकिलाने आधी खर्च सांगितला. त्याची फी, रकमेवर कोर्टाची फी, शपथपत्राचे, पेपरात नोटीस छापायचे. शिवाय प्रत्येक तारखेला येणं-जाणं. मग हसून म्हणाला, बँकेत तोंड उघडलं नसतं तर एका हमीच्या बाँडवर बँकेने काम केलं असतं. खरं बोलून बसले, म्हणून माझ्याकडे यावं लागलं.



त्याने टाइप केलेला अर्ज वाचायला घेतला. सदर रक्कम मयत धुरपताबाई हिची स्वतःची असून, तिच्या पश्चात अर्जदार पती हा तिचा वारस आहे. देवरावने हात वर केला.

"हे रक्कम तिची नाई."

"काकाजी, तिची नसली तर तुम्ही वारस कशाचे?"

देवराव म्हणाला, मग जसं आहे तसं लिहा. बायांची नावं लिहा. वकिलाने समजावून सांगितलं, की तसं लिहिलं तर तो दावा होईल. प्रत्येकीला उभं राहावं लागेल, साक्ष द्यावी लागेल, वर्षं जातील, आणि त्याचा खर्च वेगळा. आता सोपं आहे. नोटीस निघेल. या रकमेवर कोणाचा हक्क असेल, कोणाची हरकत असेल, तर त्याने कोर्टात यावं, असं पेपरात छापून येईल. कोणी आलं नाही की प्रमाणपत्र मिळेल. त्याने मान वळवून भिंतीकडे पाहिलं.

"तेवढं तुम्ही कोणी यायचं नाही, बाई."

 देवराव खुर्चीत पुढे सरकला. धुरपताबाईने या पैशातला चहासुद्धा कधी घेतला नव्हता. बँकेतून परत यायला उशीर झाला तर उपाशी यायची, पण गटाच्या पैशाला हात लावायची नाही. आता तिच्या नावाने छापून येणार होतं, की हे सगळं तिचं होतं.

"म्हणजे मी शपथेवर खोटं बोलू," तो म्हणाला. "ज्याइचे पैसे हायेत त्याइले इचारा, हे पेपरात छापाचं, आन् त्याइनंच तोंड बांधून बसाचं. आन् हे सारं करून देल्याचे पैसे तुमी घेसान. तेबी ह्या बायांच्याच पैशातून."

"कायदा मी केला नाही, काकाजी."

"फी तं तुमीच ठरवली न."

वकिलाने पेनाचं टोपण लावलं. विचार करा आणि पुढच्या आठवड्यात या, म्हणाला. देवराव उठला. दोन-तीन बायाही दाराकडे वळल्या. रुपीबाई मात्र जागची हलली नाही. तिने कमरेची पिशवी काढली आणि टेबलावर ठेवली. आत अर्ध्या फीएवढे पैसे होते. सकाळी बसमध्येच त्यांनी गोळा केली होती. देवराव पुढच्या सीटवर बसला होता. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

तो पिशवीकडे पाहत राहिला.

"तुमचं आंधीच ठरलं होतं?"

"ठरवा लागते, भाऊजी," रुपीबाई म्हणाली. "डाळीच्या मशीनचा बयाना देऊन बसलो आमी. मशीनवाला महिना थांबतो म्हणते. तुरी इकून झाल्यावर मशीन आली तं काय पूजा कराची तिची?"

"रुपीबाई, तिले चोर ठरोतो आपण."

"कोन ठरोते? गावाले मालूम हाये पैसे कोनाचे होते ते. कोर्टाले नसलं मालूम तं नसो." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमी खरे राह्यसान, आन् आमचे पैसे बुडतीन. हे धुरपताबाईले चाललं असतं का, तेवढं सांगा."

 देवराव पुन्हा खुर्चीत बसला. वकिलाने पेन पुढे केलं आणि कुठे कुठे सही करायची ते बोटाने दाखवलं. देवरावने प्रत्येक पानावर सही केली. शेवटच्या पानावर इतकी दाबून केली, की कागद फाटला. वकिलाने ते एक पान पुन्हा काढलं आणि त्याचे पैसे वेगळे लावले.

नोटीस छापून आली. मुदतीत कोणाची हरकत आली नाही. त्यानंतर तीन तारखा पडल्या. मशीनवाल्याने मशीन दुसऱ्या गावाला दिली. बायांचे पैसे अजून निघालेले नाहीत.